हाताचा क्लच

दाभणताईच्या नाकावर माशी बसायची सोय नव्हती. गॅरेजवाल्यांच्या गल्लीत तिचं सीट-कव्हरचं दुकान होतं. वडिलांच्या मागे सव्वीस वर्षं ती एकटीच ते सांभाळत होती. अंगकाठी सडसडीत, जीभ टोकदार, आणि हातात सदा रेक्झिन शिवायचं ते वीतभर दाभण. तेव्हा हे नाव शोधायला गल्लीला फार डोकं लढवावं लागलं नव्हतं. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर तेवढं उरलं होतं.

चार वर्षांची असताना एका तापात तिचा डावा पाय गेला. गेला म्हणजे होता जागेवरच, पण काडीसारखा बारीक आणि कामाच्या नावाने शून्य. मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर बांधून ती चालायची. खट्, खट् असा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की मेकॅनिक लोक तोंडातली शिवी गिळून टाकायचे. उजवा पाय मात्र दोघांचं काम करायचा. आणि हातांचं तर विचारूच नका. जाड रेक्झिन स्प्रिंगांवर ताणून धरायचं आणि सुटू न देता कडेने आवळत न्यायचं, हे करून करून तिच्या मनगटांत असा जोर आला होता, की घरात कुठल्या बरणीचं झाकण अडून बसलं की बरणी निमूट तिच्यापुढे यायची.

ट्रक, टॅक्सी, ट्रॅक्टर, रुग्णवाहिका, रोडरोलर, सगळ्यांच्या सीटा तिच्या हाताखालून गेल्या होत्या. काम झालं की ती एकदा त्या सीटवर स्वतः बसून बघायची. पाठ टेकते का, मांडीखाली कड टोचते का. मग स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवायची आणि उतरायची. गाडी तिने आयुष्यात एकदाही चालवली नव्हती. तीन पेडल आणि एक पाय, असा तो मामला. विषयच मिटला होता.

तो उकरून काढला दगडखाणीच्या मुकादमाने. शहराबाहेरच्या डोंगरावर मोठी खाण होती. एका दुपारी हा मुकादम घाम पुसत दुकानात आला आणि स्टुलावर बसला.

"ताई, वर अकरा मशिनं आहेत. पोकलेन, डंपर, लोडर. एकाच्याही सीटला सीट म्हणावं असं काही राहिलेलं नाही. पोरं गोणपाटाच्या घड्या करून बसतात. कुणाची कंबर धरलीये, कुणाची मान."

"सोडवून पाठवा खाली. शिवून देते."

"एक सीट खाली आली की मशीन चार दिवस उभं. मग मालक मलाच उभं करतो त्याच्यासमोर."

ताईने दाभण पुठ्ठ्यात खोचून ठेवलं. "मग मीच येते वर. आधी बघू तरी काय दुखणं आहे."

दुसऱ्या दिवशी ती खाणीच्या रिकाम्या लॉरीतून वर गेली. गेली म्हणण्यापेक्षा नेली गेली. लॉरीची पायरी तिच्या कमरेएवढी उंच. एका हमालाने तिच्या काखेत हात घातले, दुसऱ्याने कॅलिपर धरला, आणि 'हां, उचल!' म्हणून दोघांनी पोतं चढवावं तसं तिला आत चढवलं. माणसं भली होती, हसतमुख होती. उतरताना पुन्हा तेच. वर तिने अकराही सीटांची मापं घेतली, आणि खाली येताना तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. चौथ्या वेळी तिची चप्पल खाली पडली आणि तिघे जण ती उचलायला धावले. तिने सगळ्यांचे आभार मानले. त्या दिवशी घरी मात्र ती कुणाशी धड बोलली नाही.

सकाळी दुकानाचं शटर न उघडताच ती शेजारच्या गॅरेजमध्ये शिरली. तिथला म्हातारा मेकॅनिक, ज्याला सगळे वस्ताद म्हणत, एका उघड्या इंजिनात डोकं घालून त्याची समजूत काढत होता. माणसांपेक्षा इंजिनांशी त्याचं जास्त जमायचं.

"वस्ताद, मला गाडी पाहिजे. डोंगर चढणारी. मागे माझं मशीन मावेल अशी."

"चालवणार कोण?"

"मी."

वस्तादने डोकं बाहेर काढलं. चष्मा पुसला. तिच्या पायाकडे बघायचं नाही असं ठरवून तिच्या पायाकडेच बघितलं. "आणि क्लच कशाने दाबणार?"

"ते तुम्ही सांगायचं. वस्ताद कोण आहे, तुम्ही की मी?"

गाडी सापडायला दोन महिने गेले. पाणीपुरवठा खात्याच्या आवारात जुन्या गाड्यांचा लिलाव होता. तिथे भिंतीच्या कडेला गवतात एक पिकअप उभी होती. चारही चाकांना जोर देणारी, पुढे दोन माणसांची केबिन, मागे उघडा हौदा. सत्तावीस वर्षांची. एके काळी तिचा रंग हिरवा असावा. पत्रा जागोजागी खाल्लेला, डॅशबोर्डखाली गांधीलमाश्यांचं पोळं, दोन टायर जमिनीत रुतलेले. बघायला आलेली माणसं लांबूनच मान हलवून पुढे जात होती. वस्तादसुद्धा पुढेच निघाला होता.

"थांबा," ताई म्हणाली. तिने दार ओढून उघडलं, फाटलेल्या सीटवर तळहात ठेवला आणि हळूहळू दाबत नेला. मग वाकून खालच्या स्प्रिंगा मोजल्यासारख्या बोटांनी चाचपल्या. हिला वेड लागलंय, अशा नजरेने लिलावाचा कारकून तिच्याकडे बघत होता.

"ही गाडी एकाच माणसाने चालवलीये," ती शेवटी म्हणाली. "चांगला वजनदार गडी. पण शांत. पुढची कड बघा, शाबूत आहे. धसमुसळा ड्रायव्हर ब्रेक मारताना पुढे सरकतो, कड आधी फाटते. ह्याने कधी घाईच केली नाही. आणि शेजारच्या सीटवर कुणी बसतच नव्हतं, तिथे नुसता डबा ठेवायचा."

"डबा कशावरून?"

"गोल खळगा आहे. तेलाचा डाग आहे. अजून काय, डब्याचं झाकण दाखवू?"

वस्ताद गाडीखाली शिरला. गिअरबॉक्सची तपासणीची टोपी काढून त्याने आत बॅटरी मारली. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा बदललेला होता. "दात नव्यासारखे आहेत," तो हळूच म्हणाला, जणू कुणी ऐकलं तर बोली वाढेल. बोली वाढली नाहीच. त्या गवतातल्या सांगाड्यासाठी हात वर करणारी ती एकटीच होती.

क्रेनला लटकून गाडी गल्लीत आली, तेव्हा चहाच्या टपरीवर दिवसभर दुसरा विषय नव्हता. आणि संध्याकाळी घरात तर मुळीच नव्हता.

घर दादाचं. म्हणजे तिच्या मोठ्या भावाचं. टपाल खात्यातून निवृत्त झालेला, इस्त्रीच्या शर्टात घरी बसणारा, सरळ माणूस. तो, वहिनी आणि ताई अशी तीनच माणसं. शाळेची सहा वर्षं दादाने बहिणीला पाठीवर घेऊन शाळेत पोचवलं होतं. त्यामुळे तिच्या पायाच्या बाबतीत शेवटचा शब्द आपला, असं त्याचं मनोमन ठरलेलं होतं.

"ह्या वयात? ह्या पायाने? आणि डोंगरावर?" त्याने ताट बाजूला सारलं. "कुठे जायचं ते सांग. रिक्षा आहे, टॅक्सी आहे. उचलून न्यायला मी आहे ना अजून!"

"आहेस ना, दादा," ताई म्हणाली. "म्हणूनच."

दादाला ते लागलं. पुढचे कित्येक महिने दोघांमधलं बोलणं वहिनीमार्फत चाललं. 'मीठ दे म्हणावं', 'घे म्हणावं', असं. वहिनी बिचारी दोघांच्या मधे बसून दोन्हीकडे मीठ सरकवायची. पण चौथ्या दिवशी भांडी आवरताना ती ताईच्या कानाशी आली आणि म्हणाली, "वन्सं, शेजारची सीट जरा रुंद करा. मी काही तुमच्यासारखी सडपातळ नाही."

गाडी पुरती सोडवण्यात हिवाळा गेला. वस्तादने इंजिन उतरवून बाकावर मांडलं, रिंगा बदलल्या, डिझेलचा पंप साफ करून आणला. केबिनचा तळ इतका सडला होता, की वाकून बघितलं तर खालची फरशी दिसायची. तो कापून नवा पत्रा जोडला. मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये दोन जादा पाट्या घातल्या, कारण ताईचं ते जाड कातडं शिवायचं बिडाचं मशीन म्हणजे एखाद्या म्हशीच्या वजनाचं. खोल नक्षीचे मोठे टायर चढले. आणि गाडी अशी उंच झाली, की ताई दाराशी उभी राहिली आणि तिच्या लक्षात आलं, आपल्याला आत चढताच येणार नाही.

"खाली घ्या," ती म्हणाली.

"खाली घेतली तर दगडावर पोट घासेल. तेलाची टाकी फुटली की तिथेच बस," वस्ताद म्हणाला.

"वर ठेवली तर पुन्हा दोघे जण मला उचलणार. मग लॉरी काय वाईट होती?"

दोघं हमरीतुमरीवर आली. टपरीवाला मधे चहा घेऊन आला तर दोघांनी मिळून त्यालाच झापलं. शेवटी वस्तादने जुन्या पाटीचा एक तुकडा घेतला, बिजागरी लावून दाराखाली घडीची पायरी केली. पायाने ढकललं की खाली, दार लावलं की वर. ताईने सीटबेल्टचा पट्टा चौपदरी शिवून दाराच्या वरच्या कडेला मजबूत मूठ केली. उजवा पाय पायरीवर, डावा हात मुठीत, एक हिसका, आणि ती आत! पहिल्या दिवशी ती कारण नसताना सतरा वेळा चढली आणि उतरली. अठराव्या वेळी वस्ताद म्हणाला, "बिजागरी झिजेल."

घोडं पेंड खात होतं ते क्लचपाशी. डावा पाय नाही म्हटल्यावर ते काम डाव्या हाताकडे येणार. पण गिअरही त्याच हाताने टाकायचा. उजवा हात स्टिअरिंगवरून हलवता येत नाही. वस्तादने आधी गिअरच्या दांड्यावर सायकलच्या ब्रेकसारखी मूठ बसवली आणि तिथून क्लचपर्यंत तार ओढली. त्याला स्वतःला ती मूठ दोन्ही हातांनी जेमतेम दाबता आली. ताईने एका हाताने दाबली. वस्ताद खूश झाला. तेवढ्यात तार तुटली. जाड तार घातली, तीही तुटली. तिसरी तुटली तेव्हा तिच्या बोटांची सालं निघाली.

मग त्याने तारेचा नाद सोडला आणि गिअरशेजारी जमिनीतून एक लोखंडी दांडा उभा केला. तो मागे ओढला की खालचं क्लचचं पेडल दाबलं जाणार. दांडा भक्कम होता, तुटायचा प्रश्न नव्हता. पण ओढून धरलेला हात गिअरवर नेला की दांडा पुढे पळणार आणि क्लच सुटणार. हात एकच, कामं दोन. आठवडा झाला तरी वस्ताद दांड्याभोवती नुसता फेऱ्या मारत होता. एका सकाळी त्याने चष्मा काढून बाकावर ठेवला. "ताई, मी हात टेकले."

ताई दुकानात येऊन मशीनवर बसली. हाती एका टॅक्सीचं कव्हर होतं. शिवता शिवता कोपरा आला. तिने सवयीने मशीनच्या मागची छोटी कळ वर केली. कापड दाबून धरणारा पाय वर उचलला गेला आणि तसाच वर राहिला. तिने दोन्ही हातांनी कापड फिरवलं, कळ खाली केली, पाय खाली बसला. टाका पुढे सुरू झाला. तो चारेक बोटं पुढे गेला असेल नसेल, तिचा हात थांबला. ती त्या कळीकडे बघत राहिली. वर करून बघितली, खाली करून बघितली. पोरवयापासून दिवसातून हजार वेळा ती हे करत आली होती.

"वस्ताद!" तिची हाक तीन दुकानं पलीकडे गेली. "इकडे या! पाय उचलायला हात लागतो, पण उचललेला ठेवायला लागत नाही!"

वस्ताद येऊन मशीनपुढे गुडघे टेकून बसला. कळीच्या मुळाशी एक वाकडं लोखंडी बोंड होतं. कळ फिरली की बोंडाचा फुगीर भाग खाली येऊन पायाला टेकू द्यायचा. वस्तादने ते पाच-सहा वेळा फिरवून बघितलं आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळपर्यंत तसलंच, पण मुठीएवढं बोंड लेथवर तयार झालं. दांडा मागे ओढला की ते अडकायचं आणि क्लच दाबलेला राहायचा. हात मोकळा. गिअर टाका, आणि दांड्याला पुढे टिचकी द्या, क्लच सुटला.

सुटला म्हणजे असा सुटला, की पहिल्याच खेपेला गाडीने गॅरेजमधून उडी घेतली आणि तेलाचं रिकामं पिंप लोळवत रस्त्यापलीकडे नेलं. टपरीवाला किटलीसकट बाकावर चढला. ताई स्टिअरिंगला चिकटून बसली होती, पांढरीफटक. मग ती हसायला लागली. वस्तादला वाटलं, बाईला धक्का बसला.

"बोंडाला कोपरा ठेवलात तुम्ही," ती म्हणाली. "माझ्या मशीनचं बघा, लोण्यासारखं गुळगुळीत आहे." तिने ते सोडवून घेतलं आणि चार दिवस कानशीने, मग पॉलिश कागदाने घासलं. घासायचं, बसवायचं, दांडा सोडायचा, पुन्हा काढायचं. शेवटी क्लच असा अलगद सुटू लागला, की वस्ताद म्हणाला, "माझा पाय एवढा हलका नाही."

गाडी शिकायला त्यांनी बंद पडलेल्या वीटभट्टीचं मैदान गाठलं. वस्ताद गाडीशेजारून चालत सूचना द्यायचा आणि रुंद केलेल्या सीटवर वहिनी बसायची. सुरुवातीचे दिवस वहिनी डोळे मिटून बसली. मग एक डोळा उघडला. महिन्याभराने ती म्हणू लागली, "वन्सं, तिसरा टाका की आता, इंजिन रडतंय."

तोवर ताईने हौद्यावर लोखंडी सांगाडा उभारून ताडपत्रीचं छत शिवलं होतं. त्याची एक बाजू बाहेर ओढली की मांडव. मशीन मधोमध बोल्टने आवळलं, रेक्झिनचे ताके उभे राहतील अशा खाचा केल्या. गाडीला रंग दिला पिवळाधमक. "हिरवी होती ना?" वस्तादने विचारलं. "हिरवी झाडीत दिसत नाही. मला दिसायचंय," ती म्हणाली.

गाडी तयार, चालवणारी तयार, आणि अडकलं ते परवान्यावर. वाहन परवान्याच्या ऑफिसात खिडकीमागच्या माणसाने कागद वाचायच्या आधीच परत सरकवले. "असा फॉर्मच नाहीये."

ताईने घरी येऊन हे वहिनीला सांगितलं. दादा पेपर वाचत होता. पेपर हळूच खाली आला. "काय म्हणाला तो?" कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो थेट बहिणीशी बोलला.

"फॉर्म नाही म्हणाला."

"फॉर्म नाही!" दादा उठून उभाच राहिला. "बत्तीस वर्षं खिडकीमागे बसून मी लोकांना हेच सांगत आलो. फॉर्म नाही असं कधी नसतं. शोधायचा कंटाळा असतो!"

त्या दिवसापासून दादा रोज इस्त्रीचा शर्ट घालून त्या ऑफिसात जाऊ लागला. त्याने नियमांची जाडजूड पुस्तकं काढायला लावली, अपंगांसाठी बदल केलेल्या वाहनांचं कलम शोधलं, त्यातला पोटनियम शोधला आणि साडेतीन पानांचा अर्ज असा लिहिला, की त्यात खाडाखोड नाही, अर्धविरामाची चूक नाही. तीन आठवड्यांनी खिडकीमागच्या माणसाने त्याला लांबून येताना बघूनच फॉर्म बाहेर काढून ठेवला.

परीक्षेच्या दिवशी तपासणी अधिकारी गाडीभोवती दोनदा फिरले. तरुण साहेब, चेहऱ्यावर कडक इस्त्री. "हे सुरक्षित आहे कशावरून?"

"बसा आणि बघा," ताई म्हणाली. मग दादाने डोळे वटारल्यावर पुढे जोडलं, "साहेब."

तिने साहेबांना बाजारातून, चौकातून, पुलावरून फिरवून आणलं. मग साहेबांनी तिला ऑफिसमागच्या चढावर नेलं आणि ऐन मध्यावर थांबायला सांगितलं. "आता निघा. मागे एक बोटभरही सरकायचं नाही." डावा हात दांड्यावर, उजवा पाय ब्रेकवर. ह्या जुन्या गाड्यांना डॅशबोर्डवर हाताने ओढायची ॲक्सिलरेटरची एक कळ असते. ती उजव्या हाताने किंचित ओढली, इंजिन घोगरं झालं. दांडा केसभर पुढे, अजून केसभर. गाडीने नाक जरासं वर केलं. तिने ब्रेक सोडला आणि पिवळी गाडी सरळ वर निघाली.

साहेबांना राहवलं नाही. "मी एकदा बघू?" ते चालकाच्या जागी बसले, दांडा एका हाताने ओढला. हलला नाही. दोन हातांनी ओढला, कसाबसा अडकला. सोडला, आणि इंजिन आचके देऊन बंद पडलं. मागोमाग चढ चढून आलेल्या दादाने तोंडावर रुमाल धरला. साहेबांनी उतरून, शर्ट सारखा करून, बोनेटवरच कागद ठेवून सही केली. "ह्याला हात लागतो," एवढंच म्हणाले.

आठवड्याने, स्वच्छ उन्हाच्या एका सकाळी, ताई आणि वहिनी खाणीकडे निघाल्या. डांबरी रस्ता संपला, ओढा आला. तिने गाडी थांबवून शेजारचा छोटा दांडा पुढे सारला. चारही चाकांना जोर मिळाला. पाणी बंपरला लागलं, वहिनीने पाय वर घेतले, टायर गोट्यांवरून एकदा घसरले, पकडले, आणि गाडी कुत्र्यासारखं अंग झटकत पलीकडे चढली. पुढे नुसता चढ. लाल माती, सैल खडी, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही.

तिसऱ्या वळणावर वरून दगडाने भरलेली लॉरी समोर आली. भरलेल्या लॉरीला मागे घेता येत नाही हे उघड होतं. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं, पिवळी गाडी बघितली, आत दोन बायका बघितल्या, आणि खाली उतरू लागला. "थांबा ताई, मी घेतो मागे तुमची गाडी."

"बसा आत," ताई म्हणाली. "ही तुमच्याने हलायची नाही."

तिने दांडा ओढून अडकवला, मागचा गिअर टाकला आणि आरशात बघत वळण घेऊन खाली यायला सुरुवात केली. उजवीकडे दरी होती. तिचा तळहात घामेजला, पण दांडा घामाने सुटत नव्हता. वहिनी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून ओरडत होती, "अजून हातभर! अजून वीतभर! बस्स!" रुंद जागेत गाडी डोंगराला चिकटून उभी राहिली. लॉरी घसटून गेली तेव्हा ड्रायव्हरने भोंगा वाजवला. एकदा वाजवला असता तरी चाललं असतं. तो वळणापलीकडे दिसेनासा होईपर्यंत वाजवत राहिला.

खाणीवर भोंगा आधीच पोचला होता. वीस-पंचवीस माणसं काम टाकून कडेला येऊन उभी होती. गाडी थांबली. मुकादम पुढे झाला, आणि सवयीने दोन हमाल त्याच्या मागे आले. ताईने दार उघडलं, पायरी ढकलली, मूठ धरली आणि उतरली. खट्. हमाल तिथेच थबकले. एकाने उगाच डोकं खाजवलं.

"काय बघताय?" ती म्हणाली. "पहिली सीट कुणाची ते आणा."

तीन दिवस ती मांडवाखाली बसून शिवत होती. सीट सुटायची, दीड-दोन तासांत परत बसायची. मशीन थांबलं न थांबलं तोच पुन्हा सुरू. दुखऱ्या कमरेच्या पोकलेनवाल्यासाठी तिने पाठीच्या खालच्या भागात वेगळी उशी घातली. तो बसला, पाठ टेकली, डोळे मिटले. जेवायची सुट्टी झाली तरी खाली उतरेना. मुकादम ओरडला तर म्हणाला, "डबा वरच द्या मला." शेवटच्या दिवशी मुकादम स्वतःच्या ऑफिसमधली खुर्ची घेऊन रांगेत उभा राहिला. दरम्यान पलीकडच्या धरणाच्या कामावरून, जंगलातल्या लाकडाच्या वखारीवरून निरोप येऊ लागले होते. पिवळ्या गाडीवाली ताई आमच्याकडे कधी येणार?

अकरावी सीट बसली तेव्हा दुपार कलली नव्हती. सामान आवरताना ताईचं लक्ष खाणीच्या पाठीमागे गेलं. एक बैलगाडीएवढी वाट तशीच वर जात होती.

"मुकादम, वरती काय आहे?"

"काही नाही. सपाटी आहे. वारा आहे. कुणी जात नाही तिकडे."

ताईने वहिनीकडे बघितलं. वहिनीने आत बसून आपल्या बाजूचं दार लावून घेतलं.

वाट वाईट होती, पण गॅरेजात आणि वीटभट्टीच्या मैदानात घालवलेले ते सगळे महिने टायरांच्या बाजूने होते. शेवटचा चढ संपला आणि समोर एकदम काहीच उरलं नाही. नुसतं गवत, मैलभर सपाट, आणि पलीकडे आकाश. खाली शहर काडेपेट्या मांडल्यासारखं दिसत होतं. ताई उतरली आणि बोनेटला टेकून उभी राहिली. वारा एवढा होता, की छताची ताडपत्री फडफडत होती. इथे तिचं काहीही काम नव्हतं. शिवायला काही नव्हतं, कुणी बोलावलेलं नव्हतं. तिला आलं मनात, म्हणून ती आली होती. हे सुख तिला इतकं नवं होतं, की ते नेमकं कुठे ठेवावं हेच तिला कळेना. तिने उगाच बोनेट थोपटलं.

दोघींनी डबा खाल्ला. वहिनीने हात धुतले, डब्यांची झाकणं लावली आणि चारही बाजूंना नीट नजर फिरवली.

"वन्सं, इथे आदळायला काही दिसत नाही."

"नाही. का?"

"क्लचचं पेडल अजून आहे ना खाली? माझे दोन्ही पाय चांगले आहेत." वहिनीने चालकाच्या बाजूचं दार उघडलंसुद्धा होतं. "सरका. तुम्ही बसा त्या रुंद सीटवर. आणि ओरडायचं नाही, आधीच सांगून ठेवते."

ताई ओरडली. पहिल्या आचक्याला ओरडली, दुसऱ्या आचक्याला डॅशबोर्डला धरून ओरडली, आणि तिसऱ्यांदा गाडी खरोखरच चालू लागली तेव्हा तर सगळ्यात मोठ्याने ओरडली. "तिसरा टाका की, वहिनी! इंजिन रडतंय!" पिवळी गाडी त्या गवतात भलेमोठे गोल काढत निघाली. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज वाऱ्याने पार खाणीपर्यंत नेला. पोकलेनवाल्याने मशीन बंद करून कान टवकारले.